देवाला काय होतंय?

२४ ऑगस्ट

काल अमावास्या झाली आणि आज मी ही वही उघडली. मनातलं ज्या माणसाशी बोलायचं त्याच्यावरच राग आहे, म्हणून हा खटाटोप. शाळेत पोरांच्या मागे लागून रोज दहा ओळी लिहून घेणारी मुख्याध्यापिका मी, आणि स्वतःच्या घरातलं लिहायला बसले तर पेन पुढे सरकत नाही. कुणी बघत नाही हे बरंय.

काल देवळात कौलाला नेहमीसारखी गर्दी होती. पाऊस एवढा की कणकुंबीकडून येणारी वडाप जीप ओढ्याच्या पलीकडेच थांबली आणि लोक चपला हातात घेऊन आले. ढोल वाजला, ह्यांच्या अंगात रवळनाथ आला, लोकांनी सवाल टाकले, देवाने उत्तरं दिली. सगळं रीतसर झालं. देव गेला की हे देवळाच्या खांबाला टेकून बसतात, मी थर्मासमधला चहा देते, आणि पहिला घोट पोटात गेला की हे विचारतात, "काय म्हनला गं आज?" ह्यांना त्यातलं काही आठवत नाही. मग मी सांगते. देव फारच कडक बोलला असेल तर थोडं पाणी घालून सांगते, कारण ह्यांना रात्रभर झोप लागत नाही. मागे एकदा देवाने गुंडूला बांध कोरल्याबद्दल चारचौघांत झाडलं, तर हे दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन गुंडूचा बांध नीट करायला गेले. "त्यो बोलून मोकळा हुतो, निस्तरायचं मला," असं वर म्हणाले.

काल मात्र चहा तसाच राहिला. घामाने सदरा भिजलेला, डावा हात छातीवर. 'काय म्हनला' विचारलंच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, पित्त झालं असंल. पित्त म्हणे! वाटीभर ठेचा खाऊन ढेकर न देणारा माणूस.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. मोदक नाही, ह्यांना करंज्याच लागतात, म्हणून नारळ खवत बसले होते आणि डोक्यात तेच.

आमच्या गावात देव ज्याच्या अंगात येतो त्याला झाड म्हणतात. आधीचं झाड परशराम आप्पा, ते गेले त्या वर्षी दसऱ्याला ढोल वाजत होता आणि गर्दीत पानसुपारी खात उभे असलेले आमचे हे एकदम घुमायला लागले. तेव्हापासून भरमू पाटील हा गावाचं झाड. झाड झालं की पथ्यं आली. परक्या घरी जेवायचं नाही. कौलाच्या आदल्या रात्री घोंगड्यावर झोपायचं. आणि अंगाला पातं लावायचं नाही. पातं लागलं तर देव त्या झाडावर पुन्हा उतरत नाही. म्हणून दाढी छातीपर्यंत, केसांची गाठ, आणि नखं ओढ्यातल्या दगडावर घासून काढायची. सुरुवातीला मला हसू यायचं. आता मीच आठवण करते, नखं घासा म्हणून.

आणखी एक नेम आहे, तो माझ्या वाट्याचा. झाडाच्या घरच्यांनी देवाला सवाल टाकायचा नाही. घरच्यांनी विचारायला सुरुवात केली तर देव घरचा होतो, गावाचा राहत नाही, असं जुन्या माणसांचं म्हणणं. पटतं मला. पण पंचक्रोशीतल्या बायका माझ्या नवऱ्यापाशी मन मोकळं करून जातात आणि मी थर्मास धरून खांबामागे उभी. कधी कधी वाटतं, सवतीने तरी मला एखादा प्रश्न विचारू दिला असता.

१ सप्टेंबर

आज दुसरीतल्या एका मुलीने वर्गात विचारलं, "बाई, देव आला की तुमचे मालक कुठं जातात?" सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे. मी म्हणाले, पाढे म्हणा.

संध्याकाळी तोच प्रश्न ह्यांना विचारला. हे म्हशीची धार काढत होते. म्हणाले, "कुठं जातोय? हितंच की. दोगंबी असतोय."

मी म्हणाले, मग आठवत कसं नाही?

"झोपंत घोरतीस, ते आठवतंय व्हय तुला?"

मी काही घोरत नाही! पण मग त्यांनी वर न बघता विचारलं, "कौलाला तू समोर हुतीस न्हवं? शेवटपर्यंत?" दर अमावास्येनंतर हे विचारतात. देव अंगात असताना मी बघितलं की नाही, ह्याची फार हौस. पुरुषांना बायकोपुढे मिरवायला आवडतं, मग ते देवभोळे असले तरी. मी म्हणाले, होते समोर. दुधाची कासंडी माझ्या हातात देताना त्यांना दम लागला होता.

४ सप्टेंबर

स्वरूप गणपतीला आला होता तो बापाला घेऊनच बेळगावला गेला, आणि मीही रजा टाकून मागोमाग. पोरगा कारखान्यात इंजिनियर झाल्यापासून थोडा हुकूम सोडायला लागलाय, पण ह्या वेळी त्याचा हुकूम मी मानला. मनगटातून नळी घालून तपासणी करायची म्हटल्यावर हे आधी मागे सरले. मग स्वतःच विचार करून म्हणाले, सुई म्हणजे काय पातं न्हवं.

हृदयाच्या तीन नळ्या बंद होत आल्यात. बायपास करावं लागेल. डॉक्टर पारमिता म्हणून बाई आहेत, निपाणीच्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. घाई न करता बोलल्या, चित्र काढून दाखवलं. महिन्याच्या आत करा, म्हणाल्या, आणि तोवर जड काम, धावपळ, नाचणं काही नको. नाचणं हा शब्द त्या सहज म्हणाल्या, पण मी आणि स्वरूपने एकमेकांकडे बघितलं.

छाती कशी उघडतात ते ह्यांनी विचारलं. त्यांनी सांगितलं. हे उठले, हात जोडले आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

स्वरूपने सगळं डॉक्टरबाईंना सांगून टाकलं, झाड, पातं, कौल. मला लाज वाटली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही बौद्ध. देव मी मानत नाही. पण माझ्या पेशंटला कशाची भीती आहे ते मला माहीत हवं. पुन्हा या, मी त्यांच्याशी बोलेन." मग मला एकटीला थांबवून म्हणाल्या की ह्या नळ्यांवर फार दिवस काढता येणार नाहीत. अचानक होतं ते, सांगून होत नाही.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसून सगळ्या वाटेवर झोपले. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. दाढी टोचत होती. मी हलले नाही.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. पोरांनी फुलं दिली. केंद्रावर माझा सत्कार होता. ह्यांना चला म्हणाले तर नेहमीचंच, "तुजी मानसं लई शिकल्याली. मी तितं कशाला?" कधी आले नाहीत. देवळात हजार माणसांपुढे उभं राहायला लाजत नाहीत आणि शाळेच्या चार मास्तरांना बिचकतात.

ऑपरेशनला हे नाही म्हणाले.

९ सप्टेंबर

सत्याप्पा आजा आणि गावकार मंडळी सोप्यात येऊन बसली. कुणाच्या तरी कुजबुजीतून बातमी गेलीच होती. मला वाटलं भांडण होईल, मी पदर खोचून तयार होते. पण मंडळीच भ्यालेली दिसली. सत्याप्पा आजा गावातले सर्वांत वडील मानकरी, देवाला त्यांनीच ह्यांच्या अंगावर पहिल्यांदा ओळखलं होतं. ते नुसते ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. शेवटी म्हणाले की गाव काही सांगू शकत नाही. पातं लाव म्हणायचं तर नेम मोडतो, लावू नको म्हणायचं तर पाप लागतं. देवालाच विचारावं, तर घरच्यांनी विचारायचं नाही, आणि झाडाबद्दलचा सवाल गावानेही टाकायचा नाही. झाडाला तोडून बघण्यासारखं होतं ते, असं जुने लोक मानत.

म्हणजे गावातली गाय हरवली तर विचारता येतं, पोरीचं लग्न कधी ठरेल ते विचारता येतं, आणि हा माणूस जगेल का, एवढंच कुणी विचारायचं नाही.

परशराम आप्पांच्या पायाचा अंगठा काळा पडला होता तेव्हाही असंच झालं होतं. डॉक्टर अंगठा काढू या म्हणत होते. आप्पा नाही म्हणाले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आज कुणी त्यांचं नाव काढलं नाही, पण मंडळी गेल्यावर त्यांच्या चहाच्या बश्या उचलताना मला तो अंगठाच दिसत होता.

१० सप्टेंबर

स्वरूपचा फोन. उचलून नेऊ या म्हणतो. बापाला काय पोत्यासारखं उचलणार आहेस का, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. सूनबाई प्रियदर्शनी मागून म्हणत होती, आईंना जेवायला सांगा.

१४ सप्टेंबर

आज भांडले. धुणं वाळत घालता घालता भांडले, म्हणजे अर्धं गाव ऐकत होतं.

मी म्हणाले, जीव जातोय तुमचा, कळतंय का?

हे म्हणाले, "ह्यो देह माझ्या एकट्याचा न्हाय, मालू."

नाहीच तुमच्या एकट्याचा, मी म्हणाले. ह्या देहाला मी कढी करून घालते, त्याच्या टाचांना कोकम तेल लावते, त्याचं घोरणं ऐकते. माझा काहीच वाटा नाही? देव महिन्यातून एकदा येतो. मी रोज आहे.

ह्यावर हे हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. ओलं लुगडं माझ्या हातातून घेऊन पिळत राहिले. म्हणाले, "देव गेला तर मागं काय ऱ्हातंय? रवळू पाटलाचा सातवी नापास पोरगा. त्येचं काय करायचं कुनी?"

गावाची काळजी आहे ह्यांना. कौल बंद पडला तर लोक कुठे जातील, ह्याची. मी म्हणाले, गाव काही मरत नाही, दुसरं झाड उभं राहील. तर हे पिळा तसाच दोरीवर टाकून परड्यात निघून गेले. आता ह्यात वाईट वाटण्यासारखं मी काय बोलले?

१८ सप्टेंबर

चार दिवस आम्ही कामापुरतं बोलतोय. भात वाढू का. वाढ. म्हशीला पेंड घातली का. घातली.

ह्या माणसाशी मी एवढी वर्षं भांडले आहे, पण ह्याच्याशिवाय कशी असेन ते कधी डोक्यातच आलं नव्हतं. काल शाळेत हजेरी घेताना आलं. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले.

२० सप्टेंबर

उद्या अमावास्या. शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली. हे घोंगडं झटकून ठेवतायत. मी म्हणाले, जाऊ नका. डॉक्टरबाईंनी काय सांगितलं ते पुन्हा सांगितलं. हे म्हणाले, त्यो आला तर मी न्हाय कसं म्हनू, दारात आलेल्या पावन्याला कुनी न्हाय म्हनतं का?

देवाचा मला राग येतोय. लिहून ठेवते, चूक असेल तर असू दे. ज्या घरात उतरतो त्या घराची डागडुजी बघायला नको का?

२१ सप्टेंबर

आजचं सगळं नीट क्रमाने लिहिते.

दुपारी ढोल वाजला. मी चहाचा थर्मास नेलाच नाही. हे घुमायला लागले, आणि देव आला. नेहमी उंच उडी घेतो, आज घेतली नाही. पायरीवर बसूनच आला. डोळे तेच, आवाज तोच, ओढ्यापर्यंत ऐकू जाणारा. माणसं एकेक पुढे झाली. रुक्माबाईने म्हैस आटली म्हणून विचारलं. देवाने तिला पाला सांगितला. मी रांगेत तिच्या मागे उभी होते. कधी जाऊन उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही.

माझी पाळी आली तसा ढोल थांबला. सत्याप्पा आजा काठी टेकत मध्ये आले. "मालू, घरचा सवाल न्हाय चालत, बाळ. तुला ठावं हाय."

मी म्हणाले, "घरचं काय इचारायचं न्हाय मला, आजा. माझ्या मानसाचंबी न्हाय. देवाचंच इचारायचं हाय."

आजा गोंधळले. असा सवाल टाकू नये, असा काही नेम नाही. मला तरी तो तेव्हाच सुचला होता.

देवाला आपण 'तू' म्हणतो आणि नवऱ्याला 'तुम्ही'. त्या चेहऱ्याला 'तू' म्हणायची ही माझी पहिलीच वेळ. म्हणाले, "देवा, सगळी येत्यात, आपलं आपलं दुखनं सांगून जात्यात. तुला कोन इचारत न्हाय. तुला काय हुतंय?"

देव कधी थांबत नाही. सवाल संपायच्या आत उत्तर येतं. आज आलं नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग डोळे खाली गेले.

"छातीत दुखतंय," देव म्हणाला. "लई दुखतंय. आनि भ्या वाटतंय, लेकरा."

आवाज देवाचाच होता. मी शपथेवर सांगेन.

देवळात एवढी माणसं, पण एक लहान मूल तेवढं रडत होतं. मग रुक्माबाई मटकन खाली बसली. "माझ्या देवाच्या छातीत दुखतंय," म्हणाली, "आनि म्या म्हशीचं इचारलं." तिला हुंदका फुटला तशी बाकीच्या बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. रवळनाथाला कुणी नवसाचं विचारलं असेल, पिकाचं विचारलं असेल. त्याला बरं आहे का, हे कुणाच्या बापजाद्यांनी विचारलं नव्हतं.

सत्याप्पा आजांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "मग देवाला दवाखान्यात न्यायला पायजे."

कुणीतरी पात्याचं काढलं. आजा चिडले. म्हणाले, सकाळी उठून देवाला आंघोळ आपण घालतो, निवद आपण दाखवतो, थंडीत शाल आपण घालतो. आणि त्याच्या छातीत दुखायला लागलं तर त्याचं त्याने बघावं? नेम झाडाचा आहे. देव आजारी पडला तर काय करायचं ह्याचा नेमच नाही, तर आडवं येतंय कोण?

देव गेला. हे खांबाला टेकून बसले. रुक्माबाईच्या घरून चहा आला. घोट घेऊन हे म्हणाले, "काय म्हनला गं आज?"

आज मी पाणी घातलं नाही. छातीत दुखतंय म्हणाला, सांगितलं. भ्या वाटतंय म्हणाला.

"त्यो?"

त्योच.

हे बशीत बघत राहिले. "म्या कुनाला बोललो न्हवतो भ्याचं," म्हणाले. आणि जरा वेळाने, "मला वाटायचं, त्यो येतो तवा दुखनं तेवडं माझ्याकडं ठिऊन येतो. त्येलाबी दुखतं व्हय?"

मग बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "चल, त्येला घिऊन जाऊ या."

२२ सप्टेंबर

रात्रभर विचार करत होते. मी शिकलेली बाई आहे. माझ्यातली मास्तरीण म्हणते की भीती ह्यांची होती, तोंडातून आली, देवाचं नाव झालं. आणि ह्याच गावात जन्मलेली मालू म्हणते की देव बोलला, तू स्वतः ऐकलंस. दोघांतलं कोण बोललं, हे कुणाला विचारू? ह्यांना विचारलं तर म्हणतील, दोगंबी हुतो. म्हशीची धार काढताना सांगितलं होतं की.

आज ह्यांनी कढी मागून घेतली. दोनदा.

२४ सप्टेंबर, बेळगाव

निघताना अख्खं गाव वेशीपर्यंत आलं. देवाला चालत न्यायचं नाही, म्हणून गुंडूच्या पिकअपमध्ये गादी, गादीवर घोंगडं. ढोल वेशीवर थांबला. हे गादीवर अवघडून बसले होते, वरातीतल्या नवरदेवासारखे. मला म्हणाले, "पुढं ड्रायव्हरजवळ बसलो असतो तर बरं झालं असतं गं, हाडं खिळखिळी झाली."

पिकअपमधून नऊ माणसं दवाखान्याच्या फाटकात उतरली. वॉचमनने कन्नडमध्ये विचारलं, पेशंट कोण? सत्याप्पा आजांनी छाती काढून सांगितलं, "देवरू." वॉचमनने त्यांच्याकडे बघितलं, ह्यांच्या दाढीकडे बघितलं आणि म्हणाला, "देवरादरू इब्बरे ओळगे." देव असला तरी आत दोघंच. मग मी आणि स्वरूप आत गेलो, आणि बाकी मंडळी फाटकाजवळच्या कट्ट्यावर भाकरी सोडून बसली.

डॉक्टर पारमिता संध्याकाळी आल्या. खाटेच्या कडेला बसल्या. हे आधी भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "बाईसाब, चिरताना त्यो आत असला तर?"

मला वाटलं, त्या आता विज्ञान सांगतील. त्यांनी विचार केला. म्हणाल्या, "मला आत एकच हृदय सापडेल, मामा. ते कुणाचं आहे, हे मी विचारणार नाही. जपून करीन."

ह्यांनी मान हलवली. हा हिशेब ह्यांना पटला असावा.

२६ सप्टेंबर

उद्या सकाळी. आज नर्सने छातीवरचे केस काढले, दाढीही कापली. एवढ्या वर्षांनी ह्यांची हनुवटी दिसली. मी विसरलेच होते की तिथे खळी आहे. लग्नाच्या फोटोत आहे ती. सिस्टर गेल्यावर मी त्या खळीवर बोट ठेवलं. हे म्हणाले, लोक बघतील. बघू देत.

मग म्हणाले, "पातं लागलं. आता त्यो येनार न्हाय."

मी म्हणाले, त्याला बरं वाटू दे आधी, येणं-जाणं मग बघू. पण ह्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहिता येत नाही. मी हात धरून बसले. कधी नव्हे ते हात धरू दिला.

२७ सप्टेंबर

सकाळी आत नेलं. दुपार झाली. अजून आतच आहेत. लिहिण्यासारखं काही नाही, हाताला चाळा म्हणून लिहिते. देवाचं नाव घ्यायला गेले तर लक्षात आलं, तो तर आत टेबलावर आहे. मग कुणाचं घ्यायचं? नुसतं 'सांभाळा' म्हणाले. कुणाला ते ठरवलं नाही.

संध्याकाळी बाई बाहेर आल्या. झालं, नीट झालं, म्हणाल्या. स्वरूप लहान पोरासारखा माझ्या कुशीत शिरला. काचेतून बघितलं. नळ्याच नळ्या. खाली कट्ट्यावर कळवायला मी स्वतः गेले. सत्याप्पा आजांनी माझ्याच पायांना हात लावला. मी मागे सरले, अहो आजा, काय हे!

२९ सप्टेंबर

काल श्वासाची नळी काढली. पण गुंगीतच होते. आज दुपारी मला आत सोडलं. डॉक्टरबाई होत्याच. शुद्ध नीट आली का ते बघायला त्या साधे प्रश्न विचारतात म्हणे, कुठे आहात, वार कोणता. त्यांनी वाकून मोठ्याने विचारलं, "मामा, नाव काय तुमचं?"

ह्यांनी डोळे उघडले. बाईंकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. उत्तर यायला इतका वेळ लागला की मी घाबरले, डोक्याला काही झालं की काय.

"भरमू," हे म्हणाले. घसा फाटलेला. "नुसता भरमू."

आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू काही फोडून ठेवलंय आणि मी आता ओरडणार आहे.

मी म्हणाले, "मला त्योच पायजे हुता. पयल्यापास्नं त्योच पायजे हुता." दुसरं काय म्हणणार? माणूस मरणाच्या दारातून परत आलाय, आणि मी काय हिशेब मांडून बसू?

तर हे रडायलाच लागले. एवढं, की छातीवर ताण येतो म्हणून सिस्टर धावत आली आणि मला म्हणाली, पेशंटला काय बोललात तुम्ही? मी काही वावगं बोलले नव्हते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाला असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, भुलीचा अंमल उतरताना होतं असं काहींना. तसंच असेल. मी ह्यांचे डोळे पुसत राहिले, आणि हे माझं मनगट सोडायला तयार नव्हते.

संध्याकाळी बाहेर आले तर काल गावी परतलेल्या सत्याप्पा आजांचा फोन. सगळे सोप्यात जमलेत, म्हणाले, फोन मोठ्याने लावलाय. मग घसा खाकरून विचारलं, "देव कसा हाय, मालू?"

मी सांगितलं, पेज प्यायला. आता झोपलाय.